जिम्नीला मोठे मड टायर: सत्तरीच्या चिखलात उपयोग होतो की नुसता रुबाब?

पोफळीखाली | ९ जून, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. एरवी मी इथं फक्त वाचायला येतो, पण ह्या खेपेला प्रश्न पैशांचा आहे म्हणून धागा काढतोय.

गाडी पाच दारी जिम्नी, मॅन्युअल. टायर कंपनीचेच, १९५/८० आर १५. राहायला गोव्यात, फोंड्यात; कुळागर (पोफळीची बाग) सत्तरी तालुक्यात, तिथल्या ठाणे गावाच्या पुढं. डांबरी रस्ता सोडला की दीडेक किलोमीटर कच्ची वाट. आधी उतार, मग व्हाळ (ओढा), व्हाळ ओलांडला की वळण घेऊन चढ. मे अखेरपर्यंत ह्याच चढावर दुचाकीसुद्धा जाते. मिरग लागला की सगळं बदलतं. परवा फोर-लो (चारही चाकांना बळ, सगळ्यांत हळू गिअर) टाकून, दुसऱ्या गिअरात, हळूहळू चढवत होतो. अर्ध्यावर मागची बाजू दरीकडे सरकायला लागली आणि मग गाडी जागच्या जागी चाकं फिरवत बसली. शेवटी शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरनं वर ओढली.

म्हापशाचा एक टायरवाला म्हणतो, २३५/७५ आर १५ मड टायर घाला, लिफ्ट (स्प्रिंग बदलून बॉडी वर घेणं) नको, कापाकापी नको, रिमसुद्धा हेच चालतील. हे खरं आहे का? ॲव्हरेज किती पडेल? पोलीस अडवतात का? आणि मुख्य म्हणजे, एवढं करून गाडी त्या चढावर चढेल का? रोज फोंडा-पणजी डांबरावरच चालवायची असते, कुळागरात आठवड्यातून एखादी खेप.

—

फोर_लो | ९ जून, रात्री १०:०२

घाला. विचार कसला करताय? जिम्नीची चेसिस, दोन्ही बाजूचे सबंध ॲक्सल, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला बळ वाटणारी पेटी), सगळं मागतंय चांगले टायर, आणि कंपनीनं दिलेत डांबरावरचे. पावसात त्यांच्या खाचा पहिल्या दहा मीटरांत भरतात, मग चाक गुळगुळीत. मड टायरच्या गठ्ठ्यांमधली जागा मोठी असते, चाक फिरलं की चिखल बाहेर फेकला जातो.

दुसरं कुणी सांगत नाही ते मी सांगतो. साइडवॉल, म्हणजे टायरचा कान. आपल्याकडं वाटेच्या कडेला चिरे उभे असतात, जांभ्याची धार टायरच्या कानाला लागली की संपलं, तिथं पंक्चरची वात चालत नाही. मड टायरचा कान जाड असतो. माझ्या मते खरी किंमत त्याची आहे.

—

जांभादगड | ९ जून, रात्री १०:१५

आधी फोटो टाका. टायरचा नको, चढाचा.

—

आकडेमोड | ९ जून, रात्री ११:३०

झोप येत नव्हती म्हणून गणित केलं.

१९५/८० आर १५ म्हणजे रुंदी १९५ मिमी, कानाची उंची त्याच्या ८० टक्के म्हणजे १५६, रिम १५ इंच म्हणजे ३८१. एकूण व्यास ६९३ मिमी. २३५/७५ आर १५ चा व्यास येतो ७३३ च्या वर. फरक ४० मिमी. पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, कारण ॲक्सल चाकाच्या मध्यावर असतो. म्हणजे २० मिमी. मधल्या बोटाचं एक पेर. जिम्नीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० आहे, तो २३० होईल.

आता ह्या २० मिमीची किंमत. व्यास साधारण ५.८ टक्क्यांनी वाढला, म्हणजे सगळे गिअर तेवढ्यानं लांब झाले. इंजिन १.५ लिटर, टॉर्क १३४ न्यूटन मीटर आणि तोही ४००० आरपीएमला. खालच्या आरपीएमला हे इंजिन आधीच सुस्त. फोर-लो मध्ये चढ चढताना जे बळ चाकाशी येतं त्यातलंही तेवढंच कमी होणार, आणि उतरताना इंजिन ब्रेकिंगसुद्धा.

स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा आधीपेक्षा साडेतीन किलोमीटर जास्त वेग असेल. तसा कंपनीचा काटा थोडा पुढंच दाखवतो, त्यामुळं प्रत्यक्षात जवळजवळ बरोबर येईल. ओडोमीटर मात्र कमी मोजणार. म्हणून मोठे टायर घातलेले लोक ॲव्हरेज सांगतात ते ऐकताना आधी ५.८ टक्के मिळवायचे, मग रडायचं की नाही ते ठरवायचं.

आणि टायरवाल्यानं 'हेच रिम चालतील' म्हटलं ते मला पटत नाही. जिम्नीचा रिम साडेपाच इंच रुंद. २३५/७५ ला सहा ते आठ इंचांचा रिम सांगितलेला असतो. साडेपाचवर बसतो, बसवणारे बसवतात, पण टायर मध्ये फुगतो, कडा जमिनीला नीट टेकत नाहीत. २१५/७५ आर १५ हा साडेपाचवर नियमात बसतो. त्याचा व्यास ७०३ च्या आसपास, म्हणजे गाडी फक्त ५ मिमी वर.

—

फोर_लो | १० जून, सकाळी ७:५०

@आकडेमोड, ५ मिमीसाठी टायर बदलायचे? त्यापेक्षा गाडी धुवा, चिखल पडून जाईल आणि ५ मिमी तशीच मिळेल.

—

खाणीवरचा_म्हातारा | १० जून, सकाळी ८:२०

मी कित्येक वर्षं डिचोली आणि सांगे भागातल्या खाणींवर जीप फिरवली. महिंद्राची सीजे थ्रीबी. टायर ६.००-१६. रुंदी फक्त सहा इंच, पण उंची साडेअठ्ठावीस इंचांच्या आसपास. म्हणजे आकडेमोड बाब, तुमच्या २३५ च्या उंचीला तो टायर जवळजवळ भिडतो आणि रुंदीला तीन इंच कमी. तेव्हाच्या लोकांना रुंद टायर मिळत नव्हते म्हणून अरुंद घालत होते असं नव्हे. खाणीवरच्या वाटेवर वर चार बोटं पातळ चिखल आणि खाली घट्ट जमीन. अरुंद चाक चिखल कापून खाली टेकतं. रुंद चाक वरच तरंगतं, होडीसारखं, आणि मग जिकडं उतार तिकडं जातं.

पोफळीखाली, तुमची गाडी मागून दरीकडे सरकली ना? रुंद टायर घातलेत तर आणखी लवकर सरकेल.

—

खाजनातला | १० जून, सकाळी ९:०५

काका, तुमचं डोंगरावरचं बरोबर. पण आमच्याकडं, खाजनात (नदीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीत), खाली घट्ट जमीन लागतच नाही. कापत जा, कापत जा, बांधापासून नदीच्या पातळीपर्यंत चिखलच. तिथं अरुंद चाक म्हणजे गाडी पोटावर. रुंद टायर आणि कमी हवा हाच उपाय, आणि खरा उपाय म्हणजे गाडी बांधावर ठेवून चालत जाणे. पॉवर टिलरला लोखंडी केज व्हील लावतात ते उगाच नव्हे.

—

जांभादगड | १० जून, सकाळी ९:१२

म्हणजे 'चिखल' एकच नसतो, हे धाग्याच्या दहाव्या प्रतिसादाआधीच कळलं. आता मी निवांत चहा घेतो.

—

किनारपट्टी | १० जून, सकाळी १०:४०

अवांतर: सगळ्यांत मोठे मड टायर कुठं दिसतात सांगू? कळंगुट-अंजुण्याच्या भाड्याच्या गाड्यांवर. काळ्या नंबरप्लेटची थार, वर चार जण उभे, आणि दर हंगामात एखादी तरी ओहोटीच्या वाळूत ॲक्सलपर्यंत रुतलेली. मग भरती येते. मग जेसीबी येतो. मग पोलीस येतात, कारण किनाऱ्यावर गाडी घालायला गोव्यात बंदीच आहे. मड टायर वाळूत खणतो, वर आणत नाही. गठ्ठे जितके मोठे तितकं खोदकाम जोरात.

—

फोर_लो | १० जून, सकाळी ११:००

हो, पण तो टायरचा दोष नाही, वर उभ्या असलेल्या चौघांचा आहे. हवा पंधरा पीएसआयला आणली असती तर तीच थार निघाली असती.

रेनफॉरेस्ट चॅलेंज २०१४ पासून गोव्यात झालंय. ऐन पावसात, आपल्याच मातीत. तिथं बघा जिप्सीवर कसले टायर असतात ते. १९५/८० घेऊन कुणी येतं का?

—

आकडेमोड | १० जून, सकाळी ११:२०

तिथल्या गाड्यांना पुढं-मागं विंच (दोरानं गाडी ओढणारं यंत्र) असतो, डिफरन्शियलला लॉकर (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र जखडणारे) असतात, आत लोखंडी पिंजरा असतो आणि घरी जाताना त्या बऱ्याचदा ट्रेलरवर जातात. पोफळीखालींना सोमवारी सकाळी पणजीत पार्किंग शोधायचंय.

—

कुळ्याचो | १० जून, दुपारी १:१५

जेवून आलो. मामाची जीप कुळ्याहून दूधसागरला जाते, हंगामात मी पण बसतो चालवायला. वाटेत ओढे आहेत, मोठे गोटे आहेत, पाण्यातून जावं लागतं. किती जीपांना मड टायर आहेत? हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. बाकी सगळ्या साध्या टायरवर, आत माणसं भरून.

ते कसं जमतं? एक, चालवणाऱ्याला प्रत्येक दगड माहीत असतो. दोन, कुणी चाक फिरवत बसत नाही. चाक जागेवर फिरलं की खड्डा होतो, तो उद्या आपल्यालाच लागतो. तीन, पाऊस लागला की वाट बंद, जून ते सप्टेंबर कुणी जातच नाही. हे तिसरं कारण सगळ्यांत मोठं, ते प्रवाशांना कुणी सांगत नाही :)

पोफळीखाली भाऊ, तुम्ही हवा किती ठेवली होती?

—

पोफळीखाली | १० जून, दुपारी २:३०

हवा? फोंड्यात पेट्रोल भरताना मारून घेतली होती. सांगितलं नाही तर पोरं ३२-३३ भरतात, तेवढी असेल.

—

कुळ्याचो | १० जून, दुपारी २:३४

झालं.

—

फोर_लो | १० जून, दुपारी ३:००

इथं मी पण कुळ्याचोच्या बाजूनं. जिम्नी जेमतेम बाराशे किलोची गाडी. ३३ पीएसआयवर चाकाचा जमिनीला टेकणारा भाग तळहाताएवढा राहतो. चिखलात १८ ला आणा. टायर आडवा पसरत नाही फारसा, लांब होतो, म्हणजे जमिनीला टेकणारा पट्टा पुढं-मागं वाढतो, खाचा उघडतात, आणि टायर दगडाला वळसा घेतो. पंधराच्या खाली साध्या रिमवर जाऊ नका, वळताना टायर रिमवरून निघू शकतो. आणि डांबरावर येताच परत भरायची. त्यासाठी बॅटरीला लावायचा छोटा पंप घ्या, सिगरेट लायटरवाला नको, तो चार चाकं भरेपर्यंत गरम होऊन बंद पडतो.

म्हणून मड टायर नकोत असं मी म्हणत नाहीये, लगेच खूश होऊ नका.

—

पाटे_आणि_पिना | १० जून, सायंकाळी ६:१०

आमच्या घरात जिप्सी आहे. १९९६ नंतरची, किंग, १.३ लिटरवाली. २०५/७० आर १५ वरून थेट २३५/७५ मड टायरवर नेली. तिच्या बाबतीत व्यासातला फरक जिम्नीपेक्षा मोठा, ६६८ वरून ७३३, जवळजवळ दहा टक्के. रूप काय आलं म्हणून सांगू! गावात लोक थांबून बघायचे.

आता बाकीचं. पाचवा गिअर शोभेचा उरला, घाटात तिसऱ्याच्या वर जात नाही. पुढच्या किंगपिनचे (चाक ज्यावर वळतं त्या खुंट्यांचे) बेअरिंग आधी टिकायचे त्यापेक्षा खूप लवकर ढिले व्हायला लागले आणि मग साठच्या वर स्टिअरिंग थरथरतं. स्टिअरिंग डॅम्पर लावला की थरथर लपते, जात नाही. ब्रेकला जास्त दाबावं लागतं, कारण प्रत्येक चाक आधीपेक्षा जड आहे आणि ब्रेक तेच. पूर्ण वळवलं की टायर पाट्याला (पट्ट्यांच्या स्प्रिंगला) घासतो. त्यावर उपाय म्हणून कुणी स्पेसर (चाकामागं बसवायची जाड चकती) सांगेल. स्पेसरनं चाक बाहेर येतं, पाट्याला घासायचं थांबतं आणि मडगार्डला घासायला लागतं. शिवाय बेअरिंगवर आणखी भार.

जिम्नीला पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग आहेत, त्यामुळं पाट्याला घासायचा प्रश्न नाही. २३५ बसतो, लिफ्टशिवाय बसतो, हे तुमच्या टायरवाल्याचं खोटं नाही. पूर्ण वळवल्यावर किंवा खड्ड्यात एक चाक आत दाबलं गेल्यावर पुढच्या बंपरच्या कडेला आणि आतल्या प्लास्टिकला घासेल. दोन स्क्रू काढून प्लास्टिक थोडं मागं घेतात लोक. पण स्टेपनी विसरू नका! ती मागच्या दारावर. पाचवा टायर त्याच मापाचा घ्यावाच लागतो, वेगळ्या मापाचा लावून फोर-व्हीलमध्ये चालवलं तर ट्रान्सफर केस आतून पिळली जाते. आणि तो जड टायर सगळा बिजागऱ्यांवर.

—

लिफ्टवाला | १० जून, सायंकाळी ६:४५

मग दोन इंच लिफ्ट करून घ्या ना. घासणं संपलं.

—

पाटे_आणि_पिना | १० जून, सायंकाळी ७:०२

लिफ्टनं बॉडी वर जाते, ॲक्सल नाही. वाटेतल्या दगडाला आपटतो तो ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा, तो चाकाच्या मध्यावर जिथं होता तिथंच राहतो. त्याला वर न्यायचा उपाय फक्त मोठा टायर. आणि लिफ्ट केली की पुढच्या ॲक्सलचा कॅस्टर कोन कमी होतो, हायवेवर गाडी सरळ धरून ठेवावी लागते. त्यासाठी परत वेगळे बुश. एकदा सुरुवात केली की खरेदी संपत नाही, हे मात्र खरं.

—

वकिलीण | १० जून, रात्री ८:३०

पोलिसांचं कुणी बोलत नाहीये म्हणून लिहिते.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी जुळेनासे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ह्यावर कडक भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं. त्यात परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड, किंवा दोन्ही.

आता 'टायरचं माप आरसीवर कुठं लिहिलंय' हा युक्तिवाद मी शंभरदा ऐकलाय. रस्त्यावर हवालदाराशी वाद घालायला तो ठीक. पण अपघात झाला आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर आला की तो आरसी बघत बसत नाही, दाराच्या खांबावरचं स्टिकर बघतो. तिथं टायरचं माप छापलेलं आहे. बदल करणार असाल तर विमा कंपनीला आधी लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा.

—

जांभादगड | १० जून, रात्री ८:४१

ताई, 'प्रत्येक बदलामागं'? म्हणजे चार टायर, चार बदल? स्टेपनीसकट पंचवीस हजार? :D

—

वकिलीण | १० जून, रात्री ८:५०

तुमची केस मी घेणार नाही.

—

शेजारी_भाटकार | १० जून, रात्री ९:३०

वेगळं बोलतो, राग मानू नका. माझं काजूचं भाट (बागायत). वाट आम्हा सात-आठ घरांची सामाईक. दोन वर्षांपूर्वी वरच्या घरातल्या मुलानं गाडीला मोठे मड टायर घातले. त्याची गाडी वर जाते, हो, जाते. पण जाताना गठ्ठ्यांनी वाट नांगरून जाते. पहिल्या पावसात चाकोऱ्या पडल्या, दुसऱ्या पावसात त्या चाकोऱ्यांतून पाणी धावायला लागलं, ऑगस्टपर्यंत तिथं व्हाळ. आता काजू उतरवायला पिकअप येत नाही, बोंडू डोक्यावरून आणतो. त्याची गाडी अजूनही वर जाते, तो खूश.

टायर घ्या, पण वाट कुणाची आहे ते बघून घ्या.

—

फोर_लो | १० जून, रात्री ९:४५

हे बरोबर आहे आणि ह्याला माझ्याकडं उत्तर नाही. चाक फिरवत चिखल फेकणं हाच मड टायरचा गुण, आणि वाटेला तोच नडतो.

—

पोफळीखाली | ११ जून, सकाळी ६:५५

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. काल संध्याकाळी मुद्दाम जाऊन चढ नीट बघितला, फोटो जोडलेत.

दिसलं ते असं. चढाच्या मधोमध दोन चाकोऱ्या, वीतभर खोल. मधला उंचवटा तसाच, त्यावर खरवडल्याची खूण. म्हणजे गोळा टेकत होता. वरच्या बाजूला डोंगराचं पाणी वाटेवर उतरतं आणि चाकोरीतूनच खाली व्हाळापर्यंत येतं. पूर्वी वडिलांच्या वेळी तिथं आडवा चर होता, तो बुजलाय.

भाटकार काका, आमची वाट दोन घरांची, आमची आणि ट्रॅक्टरवाल्या शेजाऱ्यांची. त्यामुळं भांडण झालं तरी ट्रॅक्टरवाल्याशीच होणार, ते परवडणार नाही.

—

खाणीवरचा_म्हातारा | ११ जून, सकाळी ८:००

फोटो बघितले. आता टायरचं बाजूला ठेवा.

चाकोरीत गाडी घातलीत तर कुठलाही टायर असो, गोळा टेकणारच. २० मिमीनं काय होतंय, चाकोरी वीतभर आहे. डावं चाक मधल्या उंचवट्यावर आणि उजवं कडेच्या गवतावर ठेवून चढवा. चाकोरी दोन्ही चाकांच्या मध्ये राहू दे.

आणि तो आडवा चर उघडा. आजच. वाटेला काटकोनात नाही, तिरपा, डोंगराकडून दरीकडे उतरता. माणूस घेऊन कुदळीनं एका सकाळचं काम. चढाच्या डोक्यावर एक, मध्यावर एक. पाणी वाटेवरून निघून गेलं की उरलेली माती चार दिवसांत घट्ट बसते, अगदी पावसातसुद्धा. मग चाकोऱ्यांत चिऱ्यांचे तुकडे टाकायचे, जवळच्या चिरेखाणीवर तुटके-फुटके पडलेले असतात, गाडीभाडं तेवढं लागतं. मोठे खाली, बारीक वर, आणि शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरनं दोन फेऱ्या मारून दाबायचे. नुसती माती टाकू नका, ती चिखलच होते. खाणीवर आम्ही हेच करायचो, तिथं कुणी मड टायर आणून दिले नाहीत.

—

कुळ्याचो | ११ जून, सकाळी ८:२५

काकांना सलाम. भर म्हणून: गाडीत दोन माडाची चुडतं (झावळ्या) टाकून ठेवा. अडकलात तर चाकापुढं दात खाली करून घालायची. फुकट आणि कुळागरात हवी तेवढी. आणि एकटे जाऊ नका.

—

आकडेमोड | ११ जून, सकाळी १०:००

जिम्नीबद्दल एक विसरलो होतो. तिला लॉकर नाही, पण ब्रेक एलएसडी आहे: जे चाक हवेत फिरतं त्याला गाडी आपणच ब्रेक लावते आणि बळ दुसऱ्या बाजूला जातं. फोर-लो मध्येही ते चालू असतं. पण त्याला एक-दोन सेकंद लागतात. चाक फिरायला लागलं की बरेच जण घाबरून पाय काढतात आणि ते काम सुरू व्हायच्या आत बंद पडतं. ॲक्सिलरेटर तेवढाच धरून ठेवायचा, वाढवायचा नाही, सोडायचा नाही. टकटक आवाज येईल, येऊ दे.

—

घाटरस्ता | ११ जून, दुपारी १२:१०

उशिरा आलो. चोर्ला घाटातून वर्षभर ये-जा असते म्हणून एकच सांगतो. मड टायर ओल्या डांबरावर ब्रेक मारल्यावर लांब जातो. गठ्ठे मोठे, बारीक चिरा कमी, रबर सहसा कडक. साठलेल्या पाण्यातून पाणी बाजूला सारायला त्या मोठ्या खाचा चांगल्या, हे मान्य. पण घाटात साठलेलं पाणी कमी आणि ओला, शेवाळलेला डांबराचा पृष्ठभाग जास्त. तुमचे शंभरातले नव्वदहून जास्त किलोमीटर डांबरावर आहेत असं तुम्हीच लिहिलंय. शिवाय आवाज: सत्तरच्या वर गाणं ऐकायचं तर मान बाहेर काढावी लागते. नाही, बाहेर तर आणखी जास्त येतो.

ऑल टेरेन (डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे) घ्या. २१५/७५ आर १५. चिखलात मड टायरच्या मागं, डांबरावर पुष्कळ पुढं. जाड कानाचे मिळतात, फोर_लोंचा चिऱ्याच्या धारेचा मुद्दाही सुटतो.

—

फोर_लो | ११ जून, दुपारी १२:३०

तरी बरं, माझा एक मुद्दा तरी कुणाच्या लक्षात राहिला.

—

किनारपट्टी | ११ जून, दुपारी १:०५

सत्तरीवाल्यांना आणखी एक. म्हादई अभयारण्य १९९९ पासून आहे आणि तुमच्या भागात हद्द कुठं सुरू होते ते पाटीवरून कळतंच असं नाही. स्वतःच्या कुळागराच्या वाटेवर काय करायचं ते करा, पण नवे टायर आले की रविवारी मित्र गोळा होतात आणि 'जरा पुढं व्हाळात जाऊन बघूया' सुरू होतं. वनखात्याचे लोक रविवारीच असतात.

—

लिफ्टवाला | १२ जून, सकाळी ११:००

म्हणजे कुणीच लिफ्ट करणार नाही का? :(

—

पोफळीखाली | १६ जून, रात्री ९:२०

इतके दिवस पाऊस आणि कुळागर ह्यातच गेले, म्हणून उत्तर उशिरा.

तिरपे चर दोन ठिकाणी मारले. शेजारी स्वतः कुदळ घेऊन आले, त्यांच्या ट्रॅक्टरलाही तिथं त्रास होतच होता. चिऱ्यांचा चुरा एक टेम्पो आणून चाकोऱ्यांत टाकला, टेम्पोवाल्यानं व्हाळाच्या अलीकडेच उतरवून दिला, पुढचं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनं नेलं. दाबून झाल्यावर दोन दिवस ठाण्याला मुसळधार पाऊस, त्यात चुरा थोडा हलला, पण चर धरून आहेत.

काल हवा १८ ला आणली, फोर-लो, दुसरा गिअर, चाकोरी पोटाखाली ठेवून वर गेलो. मध्यावर एकदा मागची बाजू सरकली, आकडेमोड म्हणाले ती टकटक ऐकू आली, आणि गाडी पुढं गेली. ह्याच, कंपनीच्या टायरवर. ट्रॅक्टर खाली उभाच होता, तो लागला नाही. जुलैत काय होईल ते जुलैत.

तरी टायर बदलतोय, कारण आहेत ते झिजत आलेत. २१५/७५ आर १५, ऑल टेरेन, पाच नग, जाड कानाचे. रिम तेच. विमा कंपनीला मेल टाकलाय, उत्तर आलं की कळवतो. म्हापशाचा टायरवाला जरा नाराज झाला, २३५ वाले त्यानं आणून ठेवले होते म्हणे.

—

वकिलीण | १६ जून, रात्री ९:३३

उत्तर आलं की नक्की टाका. अशी उत्तरं सहसा कुणी दाखवत नाही.

—

फोर_लो | १६ जून, रात्री ९:४०

म्हापशाचा तो टायरवाला कोण ते जरा खासगीत कळवा. २३५ वाले मी बघून येतो.

—

जांभादगड | १६ जून, रात्री ९:५२

आणि जुने १९५ विकणार का? स्टेपनी कधी खाली उतरलीच नसेल, कोरी असेल. माझ्याकडंही जिम्नीच आहे, मी चिखलात जात नाही.